वाहिलेले रक्त, साकळलेले रक्त

साथीच्या रोगांचा इतिहास बहुधा आकड्यांत सांगितला जातो. १९१८च्या इन्फ्लुएंझाने हिंदुस्थानात किमान एक कोटी वीस लाख माणसे नेली असा अंदाज आहे. मुंबईत ६ ऑक्टोबर ह्या एकाच दिवशी ७६८. ह्या आकड्यांआड एक लक्षण झाकले गेले आहे, आणि ते आहे रक्त.

तेव्हाच्या डॉक्टरांना ह्या तापात घोणा फुटताना दिसला, खोकल्यातून रक्तमिश्रित फेस येताना दिसला. फुप्फुसाचा आजार असा रक्तबंबाळ असू शकतो हे इतके अनपेक्षित होते, की काहींनी त्याला डेंग्यू वा विषमज्वर ठरवले. सप्टेंबर १९१८मध्ये बॉस्टनजवळच्या डेव्हन्स छावणीत विल्यम वेल्च ह्या नामवंत विकृतिशास्त्रज्ञाने रक्ताळ द्रवाने भिजलेली फुप्फुसे पाहिली, आणि हा एखादा नवाच संसर्ग किंवा प्लेग असावा असे त्याला वाटले. ब्रिटिश लष्करी डॉक्टरांनी मरणोन्मुख चेहऱ्यावरच्या जांभळेपणाला हेलिओट्रोप ह्या फुलाचे नाव दिले. वैद्यकाची भाषा हतबल झाली की उपमेकडे वळते ती अशी.

आपल्याकडे लोकांनी ह्या साथीला ‘मानमोडी’ म्हटले. नावात मान आली, रक्त नाही. निरालांच्या ‘कुल्ली भाट’मध्ये (१९३९) दिसते ती प्रेतांनी फुगलेली गंगा. पत्नीसह घरातली कितीतरी माणसे गमावलेल्या लेखकाच्या आठवणीत एकेका देहाची लक्षणे कोठून उरणार?

मात्र वाहणारे रक्त निदान डोळ्यांना तरी दिसत होते. साकळणारे रक्त दिसत नव्हते, आणि आमच्या मते खरी गोम इथेच आहे. विषाणू आणि त्याच्याविरुद्ध उसळलेला दाह मिळून वायुकोशांचे व केशवाहिन्यांचे अस्तर उसवतात. उसवलेल्या जागी रक्त झिरपते, तिथेच बारीक गुठळ्याही धरतात. गुठळ्या शरीरभर होऊ लागल्या, की रक्त गोठवणारी द्रव्ये व बिंबिका त्यांतच खर्ची पडतात, आणि मग रक्त थांबता थांबत नाही. गोठणे आणि वाहणे ही दोन वैरी लक्षणे नव्हेत; पहिले हाताबाहेर गेले की त्याच्याच पोटी दुसरे येते. (१९१८च्या बहुसंख्य मृत्यूंत मागाहून आलेल्या जीवाणूजन्य न्यूमोनियाचा वाटा मोठा होता, हेही विसरता येत नाही.)

‘रक्त गोठणे’ हा आपल्या गद्यात भयाचा वाक्प्रचार. २०२०मध्ये तो शब्दशः घरोघर पोचला. डी-डायमर हा तपासणीतला आकडा आणि हेपॅरिनची सुई ह्यांच्याभोवती कुटुंबांचे दिवस-रात्र फिरू लागले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका शवविच्छेदन-अभ्यासात कोविडने गेलेल्या सात जणांची फुप्फुसे २००९च्या इन्फ्लुएंझाने गेलेल्या सात जणांच्या फुप्फुसांशी ताडून पाहिली गेली. केशवाहिन्यांतल्या सूक्ष्म गुठळ्या दोन्हींकडे होत्या; कोविडमध्ये नऊपट. अभ्यास लहान, पण १९१८ची कागदपत्रे पुन्हा वाचायला लावणारा. ‘रक्तस्राव’ असा शेरा दिसला, की त्या रोग्याच्या फुप्फुसात आधी काय साकळले होते, हे आता विचारावे लागते.