छोट्या डिझेल कार शोरूममधून गायब का झाल्या?

स्विफ्ट, डिझायर, पोलो, अमेझ... काही वर्षांपूर्वी या सगळ्या गाड्या डिझेलमध्ये मिळायच्या. आज शोरूममध्ये डिझेलचा पर्याय मुख्यतः एसयूव्ही आणि मोठ्या गाड्यांमध्येच दिसतो. सरकारने डिझेल कारवर देशभर बंदी घातलेली नाही. मग झालं काय?

नियम काय बदलला?

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ लागू झालं. बीएस-५ चा टप्पा वगळून भारत थेट बीएस-४ वरून बीएस-६ वर गेला. डिझेल कारसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरमागे ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ ग्रॅमवर आली. पेट्रोलसाठी हाच बदल ०.०८ वरून ०.०६ इतकाच होता.

फटका छोट्या गाड्यांनाच का?

ही मर्यादा गाठायला काजळी अडवणारा फिल्टर (डीपीएफ) आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारी यंत्रणा बसवावी लागते. हा खर्च २० लाखांच्या गाडीत खपून जातो, ८ लाखांच्या गाडीत नाही. त्यात २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाल्याने स्वस्त इंधनाचं आकर्षणही घटलं होतं.

मारुतीने एप्रिल २०१९ मध्येच डिझेल कार बंद करण्याची घोषणा केली. अनेक कंपन्यांच्या गाड्यांत असलेलं फियाटचं १.३ लिटर इंजिनही थांबलं. ते पुण्याजवळ रांजणगावला बनायचं. पुढे एप्रिल २०२३ पासून प्रत्यक्ष रस्त्यावरच्या प्रदूषणाचे निकष आले आणि होंडानेही डिझेल कार बंद केल्या.

जुनी बीएस-४ गाडी चालेल का?

हो. नोंदणी वैध असेपर्यंत महाराष्ट्रात ती चालवता येते, बीएस-६ डिझेलही तिला चालतं. पीयूसी मात्र हवंच. दिल्ली-एनसीआरमध्ये जुन्या डिझेल गाड्यांचे नियम वेगळे आहेत. तिथली सेकंड हँड गाडी घेताना ते आधी तपासा.

मग आता डिझेल घ्यावी का?

तुमचं रनिंग बघा. डीपीएफमधली काजळी जळायला गाडी काही वेळ सलग वेगात धावावी लागते. दर आठवड्याला पुणे-कोल्हापूर करणाऱ्यांना अडचण नाही. रोज दादर-अंधेरी ट्रॅफिकमध्येच अडकणार असाल, तर फिल्टर तुंबून डॅशबोर्डवर वॉर्निंग लाइट लागू शकतो. अशांसाठी पेट्रोल किंवा सीएनजी बरी.