मुखकर्करोग : अल्पछेदी शस्त्रक्रिया

तोंडातील कर्करोगाची गाठ तोंडाच्याच वाटेने काढून चेहऱ्यावरचा व्रण टाळण्याची, किंवा तो झाकला जाईल अशा जागी नेण्याची पद्धत. रूढ पद्धतीत खालचा ओठ मधोमध चिरतात, छेद हनुवटीवरून मानेपर्यंत नेतात आणि गाल उचलून गाठीपर्यंत पोहोचतात. तो व्रण जन्मभर दिसतो.

भिवंडी (जि. ठाणे) हे यंत्रमागांचे शहर. रातपाळीत झोप येऊ नये म्हणून तंबाखू, मावा, गुटखा गालात धरण्याची सवय कामगारांत जुनी आहे. राज्यात २०१२ मध्ये गुटखाबंदी झाली, तरी ही सवय सुटलेली नाही. तिच्यातूनच मुखकर्करोग होतो. पाश्चात्त्य देशांत हा रोग बहुधा जिभेवर किंवा तोंडाच्या तळाशी होतो. आपल्याकडे तो जिथे तंबाखू धरतात तिथे, म्हणजे गालात आणि हिरडीलगत, अधिक आढळतो. शिवाय मावा-गुटख्यातील सुपारीने गालाचे आतले अस्तर आखडू शकते आणि मग तोंड दोन बोटेही उघडत नाही. अशा तोंडातून शल्यविशारदाला आत पोहोचता येत नाही, ओठ चिरावाच लागतो. ज्या व्यसनाने रोग होतो, तेच बिनव्रणाच्या शस्त्रक्रियेची वाट बंद करते. रुग्णाला हे आधीच स्पष्ट सांगितले पाहिजे.

गाठ लहान असेल, जबड्याच्या हाडात शिरली नसेल आणि तोंड नीट उघडत असेल, तर ती सभोवतालच्या सुमारे १ सेंमी. निरोगी भागासह तोंडातूनच काढतात. पोकळी गालातल्याच चरबीने भरता येते. मोठी असल्यास मनगटाजवळची त्वचा रक्तवाहिन्यांसह आणून सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. व्रण टाळण्यासाठी निरोगी कड कमी घेणे मात्र अक्षम्य आहे.

रोग मानेतील लसिकाग्रंथींत पसरू शकतो; त्या काढण्याचा छेद त्वचेच्या नैसर्गिक घडीत घेतात. दुर्बीण किंवा रोबो वापरून तो कानामागे, केसांत नेण्याची पद्धत दक्षिण कोरियात विकसित झाली. मान वगळणे धोक्याचे आहे : परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ व सहकाऱ्यांनी केलेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सुरुवातीच्या टप्प्यातील रुग्णांच्या ग्रंथी पहिल्याच वेळी काढल्यावर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते. मानेत गाठ दिसेपर्यंत थांबलेल्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होते. तोंडावाटे चालणारा रोबो टॉन्सिल व जिभेच्या मुळाशी अधिक उपयोगी पडतो, गालाच्या कर्करोगात त्याचे काम थोडे.

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, जखम तीन आठवड्यांत भरली नाही किंवा घास घेताना तोंड कमी उघडू लागले, तर भिवंडीकरांनी इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या दंतवैद्याकडे दाखवावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. खर्चाच्या भीतीने तपासणी लांबवू नये.