सह्याद्रीच्या पोटातला दिवा

दिवाळीत पणती लावताना तिच्यातले तेल आले कुठून, हे आज कोणी विचारीत नाही. जुन्या कोकणात ते विचारावेच लागत नसे. उंडीची फळे वेचायची, बी वाळवायचे, घाण्यात घालायचे आणि निघालेले कडू तेल दिव्यात ओतायचे. उन्हाने झाड पोसले, झाडाने बी दिले, बैलाने घाणा ओढला, तेव्हा कुठे माजघरात उजेड पडला! विहिरीवरचा राहाटही बैलाच्याच बळावर पोफळीच्या बागा शिंपी. निसर्गातले बळ आपल्या कामाला जुंपायचे, एवढीच ही विद्या. रत्नागिरी जिल्ह्यात तिचा मोठा प्रयोग झाला तोही पोफळीसच. ही पोफळी म्हणजे चिपळूण तालुक्यातले, घाटाच्या पायथ्याचे गाव.

घाटावरची कोयना महाबळेश्वरी उगम पावते आणि सह्याद्रीच्या कडेने दक्षिणेस सुमारे ६५ किलोमीटर जाते. पश्चिमेस हाकेच्या अंतरावर कोकणचा कडा तुटलेला. पण हेळवाकजवळ नदी वळते ती पूर्वेस, आणि कऱ्हाडला कृष्णेस मिळून बंगालच्या उपसागराची लांबची वाट धरते. पाऊस धो धो, कडा जवळ, आणि पाणी मात्र पाठ फिरवून चालले आहे! पहिल्या महायुद्धानंतर टाटांनी येथे विजेची शक्यता अजमावली, पण पैशाच्या अडचणीने तो बेत मागे पडला. स्वातंत्र्यानंतर सरकारने तो हाती घेतला आणि १९५४ साली काम सुरू झाले.

युक्ती सोपी होती, काम अवघड. नदीला १०३ मीटर उंचीचे धरण घालून पाणी अडवायचे, डोंगरातल्या बोगद्याने ते पश्चिमेस वळवायचे आणि सुमारे ४७५ मीटर खाली सोडायचे. त्या वेगाने चाके फिरतात व चाकांबरोबर जनित्रे. हजार लिटर पाणी एवढ्या उंचीवरून उतरले, की घट वजा जाता सव्वा युनिटाच्या आतबाहेर वीज मिळते. शंभर वॅटचा दिवा त्यावर दहा-बारा तास जळावा. पोफळीचे वीजघर डोंगर कोरून त्याच्या पोटातच बसवले आहे. १९६२ साली तेथून पहिली वीज निघाली.

एकदा राबलेले पाणी लगेच मोकळे सुटत नाही. कोळकेवाडीस ते पुन्हा अडवतात आणि अलोऱ्याच्या वीजघरात दुसऱ्यांदा राबवतात. पुढे चौथ्या टप्प्यासाठी तर भरल्या तळ्याच्या काठाखालून बोगदा नेला आणि उरलेला खडकाचा पडदा १३ मार्च १९९९ रोजी सुरुंगाने उडवला. त्या टप्प्याची क्षमता १००० मेगावॅट. सारे टप्पे मिळून १९००च्या वर.

या उजेडाची किंमत मात्र ज्यांनी मोजली ते वेगळेच. कोयनेच्या खोऱ्यातली गावे शिवाजीसागरात बुडाली. देव, जमिनी आणि शेजार सोडून माणसे दूरच्या जिल्ह्यांत गेली, आणि पुढे साठ वर्षे उलटली तरी कित्येक कुटुंबे हक्काच्या जमिनीसाठी अर्ज करीतच राहिली. त्यांच्या पाण्याची वीज आधी गेली ती मुंबईच्या कारखान्यांकडे. कोकणचा चाकरमानी ज्या मुंबईस गेला, तिथेच डोंगरातली वीजही गेली! ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे भूकंपाने कोयनानगर कोसळले. पावणेदोनशेच्या वर माणसे दगावली. धरणालाही तडे गेले आणि ते पुढे मजबूत करावे लागले. धरणात साठलेल्या पाण्याच्या भाराशी भूकंपांचा संबंध असल्याचे भूशास्त्रज्ञ मानतात. जगभरचे अभ्यासक त्यासाठी कोयनेकडे पाहतात.

पूर्वेकडच्या शेतीचा हक्कही होताच. म्हणून कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेस वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. तेवढे पाणी चाके फिरवून वाशिष्ठीत उतरते, आणि भर उन्हाळ्यातही चिपळूणवरून दाभोळच्या खाडीकडे वाहते. घाटावर ज्याच्यासाठी गावे उठली, त्यातले बरेचसे पाणी इथे समुद्रास मिळते. विजेसाठी ते दोनदा राबले. कोकणच्या तहानेसाठी आणि शेतासाठी तिसऱ्यांदा राबवण्याचे काम अजून पुरे व्हायचे आहे.