वस्तऱ्याची पारख

गावगाड्याचा इतिहास लिहिणारे नांगराविषयी लिहितात, मोटेविषयी लिहितात, कुंभाराच्या चाकाविषयी लिहितात. न्हाव्याच्या धोकटीत मात्र सहसा कोणी डोकावत नाही. वास्तविक त्या धोकटीतला वस्तरा म्हणजे गावातले सर्वांत नाजूक पोलादी हत्यार. कोयत्याची धार थोडी बसली तरी लाकूड तुटते. वस्तऱ्याची बसली की गिऱ्हाईक कळवळते. तेव्हा नवा वस्तरा विकत घेताना तो कसा पारखावा, ही एक स्वतंत्र विद्याच होती आणि तिलाही इतिहास आहे.

पेण आणि रोहे ही जुन्या कुलाबा जिल्ह्यातली, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगडातली, खाडीच्या आधाराने वाढलेली गावे. पेणचा माल अंतोऱ्याच्या बंदरात चढे-उतरे. रोह्याचा कुंडलिकेतून भरतीबरोबर वर येई. भात, मीठ मुंबईला जाई आणि मुंबईहून कापड आणि विलायती जिन्नस येत. गावचा लोहार विळे-कोयते घडवी. पण पातळ, पोकळ कोरलेला वस्तरा हे कारखान्याच्या मोठ्या सहाणचाकांचे काम. बलुत्याची घडी कोकणात देशाइतकी घट्ट नव्हती. तरी न्हाव्याची कमाई पुष्कळशी वर्षाकाठच्या भातातच होई. वस्तरा मात्र रोख पैशानेच घ्यावा लागे. भाताचे पैसे करून घेतलेले पाते मऊ निघाले, तर त्याची भरपाई कोण देणार? म्हणून पारख हा त्याच्या हौसेचा भाग नव्हता, पोटाचा होता.

यातली गंमत अशी की, ज्या पोलादाचा विलायतेत एवढा बोलबाला झाला, त्याचे नमुने इथून खाडीपलीकडच्या मुंबईहूनच तिकडे गेले होते. दक्षिण हिंदुस्थानात मुशीत तयार होणाऱ्या पोलादाला इंग्रज ‘वूट्झ’ म्हणत. मुंबईच्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी १७९४ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीकडे धाडले आणि १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर निबंध वाचला. जेम्स स्टोडार्ट नावाचा लंडनचा हत्यारे करणारा कारागीर या पोलादाचा मोठा पुरस्कर्ता होता. पुढे त्याने मायकेल फॅरेडे यांच्यासह पोलादात इतर धातू मिसळण्याचे प्रयोग केले; ते १८२० मध्ये प्रसिद्ध झाले. ५०० भाग पोलादाला १ भाग चांदी, हा त्यांतला एक नामांकित प्रयोग. झाले! लवकरच वस्तऱ्यांवर ‘सिल्व्हर स्टील’ असा ठसा उमटू लागला आणि चांदीचा कणही नसलेले पोलाद त्या नावाने खपू लागले.

ठशाचा इतिहास हा असा आहे. शेफील्डला बेंजामिन हंट्समन याने १७४० च्या सुमारास मुशीतले पोलाद साधले. त्या गावाचे नाव झाले, आणि नाव झाल्याबरोबर नकलाही झाल्या. खोट्या ठशांना आळा घालण्यासाठी हिंदुस्थानात १८८९ मध्ये कायदा करावा लागला. जर्मनीत झोलिंगेन या गावाच्या नावाला १९३८ मध्ये कायद्याचे संरक्षण मिळाले. इंग्रज विनोदी कवी जॉन वोल्कॉट याने तर अठराव्या शतकातच १८ पेन्सांना १२ वस्तरे घेणाऱ्या खेडुताची फजिती रंगवली आहे. हे वस्तरे दाढी करण्यासाठी नसून विकण्यासाठी केलेले आहेत, असे विक्रेता त्याला शांतपणे सांगतो!

मग पारखावे कसे? आधी ठसा नव्हे, पाठ पाहावी. निसण्यावर घासताना पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकतात. म्हणून धारेचा कोन पाठीच्या जाडीवर आणि पात्याच्या रुंदीवर ठरतो. पाते सपाट काचेवर आडवे ठेवावे. मुद्दाम कमानदार केलेली धार सोडली, तर ते दोन्ही अंगांनी सारखे टेकले पाहिजे. मध्ये उजेड दिसला तर पाणी देताना पाते वाकले आहे असे समजावे.

पाणी ही खरी किमया. लाल तापलेले पाते विझवले की काचेसारखे कडक आणि ठिसूळ होते. ते पुन्हा मंद तापवून त्यावर पेंढ्यासारखा पिवळा रंग येऊ दिला की ठिसूळपणा कमी होतो. ताप जास्त झाला तर धार दुमडते, कमी पडला तर तिचे कण उडतात. नखाने वाजवल्यावर खणखणणारे पाते पातळ असते, तडकलेले बद्द वाजते. पण आवाज हा पातळपणाचा दाखला, पाण्याचा नव्हे. सोनेरी नक्षी आणि हस्तिदंती मूठ किंमत वाढवतात, धार नव्हे. दुकानात मनगटावरची लव तोडून दाखवणे हीसुद्धा करामतच. खरी कसोटी एकच: किती दाढ्या झाल्यावर पाते पट्ट्याला दाद देईनासे होते आणि निसणा मागते.

परंतु वस्तऱ्याचे मोल केवळ पोलादात नसते. ज्याच्या हाती गावाने आपला गळा निर्धास्त दिला, त्याला गावाने मान बेताचाच दिला. आणि तोच वस्तरा गावकुसाबाहेरच्या माणसाच्या हनुवटीला लागू दिला जात नसे. विधवांच्या केशवपनाला तर तो सर्रास वापरला गेला. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी, हे काम आपण करणार नाही, असे ठरवले. ही पारख पोलादाच्या पारखीहून मोठी. कोणती धार चांगली, हे सांगणारे पुष्कळ असतात. चांगली धार कुठे चालवू नये, हे त्या कारागिरांनी सांगितले.

जिलेट यांचे पाते १९०३ मध्ये बाजारात आले. आता पेण-रोह्याच्या केशकर्तनालयांत दुधारी पात्याचा अर्धा तुकडा मुठीत बसवतात आणि प्रत्येक गिऱ्हाइकागणिक टाकून देतात. रक्तातून पसरणाऱ्या रोगांच्या भीतीने तसे करणे योग्यच आहे. त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. अखंड पात्याचे नवे वस्तरे हौशी लोक मोठी किंमत देऊन आजही घेतात, आणि पुष्कळदा ठसा पाहूनच घेतात. त्यांनी एकदा तरी जुन्या धोकटीच्या मालकाचा प्रश्न स्वतःला विचारावा: हे पाते विकण्यासाठी केले आहे, की दाढी करण्यासाठी?