रबाब, सरोद आणि कारागिराचा हात



टोपी बाजारातून हजिऱ्याला तानसेनाच्या समाधीकडे आपण अनेकदा गेलो असू. तेथील समारोहात ध्रुपद-ख्याल होतात, सतार-सरोद वाजतात. परंतु तानसेनाचे पुत्र बिलासखाँ यांचा वंश ज्या वाद्यामुळे ‘रबाबिये’ म्हणून ओळखला गेला, तो ध्रुपदी रबाब मैफलीतून लोपला आहे.

लाकूड कोरून केलेले पोट, त्यावर कातडे, तातीच्या तारा, पडदे नाहीत. पावसाळ्यात कातडे सैल पडे आणि नाद बसे. बनारसच्या दरबारात जाफरखाँवर असाच प्रसंग ओढवला व त्यातून त्यांनी लाकडी तबली, लोखंडी पट्टी आणि धातूच्या तारा असलेला सूरसिंगार घडविला, असे परंपरेत सांगतात. आख्यायिका असली तरी तिच्यातील अडचण खरी आहे.

हीच पट्टी आणि धातूच्या तारा एकोणिसाव्या शतकात अफगाणी रबाबावर चढल्या आणि त्याचा सरोद झाला. नाद लांबला, मींड शक्य झाली. कातडे मात्र राहिले. ग्वाल्हेरचे घराणे याचे श्रेय गुलामअली खाँ बंगश यांना देते, लखनौची परंपरा नियामतुल्ला खाँना. माझ्या मते हे एकाच माणसाचे काम नसावे. शिवाय पट्टी ठोकून बसविणाऱ्या कारागिराचे नाव दोन्ही पक्ष घेत नाहीत, हे मला अधिक खटकते.

युरोपातही असेच एक वाद्य लोपले होते. ल्यूट, आणि खर्जाच्या तारांसाठी मान लांबविलेले त्याचे भावंड थिऑर्बो, ही अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रचारातून गेली. लंडनमध्ये अर्नोल्ड डोल्मेच यांनी १८९३ साली जुन्या नमुन्यांच्या आधारे ल्यूट घडविला. सरोदाचे पोट ओंडक्यातून कोरतात. ल्यूटचे पोट पातळ पट्ट्या वाकवून, साच्यावर कडेला कड जोडून बांधतात. पट्टीची जाडी जुन्या वाद्यावरून मोजता आली. शिवाय त्या वाद्याचे संगीत बोटांच्या खुणांनी लिहून ठेवलेले होते. आपल्या रबाबाचे बाज कागदावर फारसे उतरलेच नाहीत. ते उस्तादांच्या हातात होते आणि हातांबरोबरच गेले. वाद्याची प्रतिकृती करणे त्यामानाने सोपे.

मिरजेचे उदाहरण याच्या उलट आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तंबोऱ्याकडे वळले. वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून ग्वाल्हेरची तालीम घेतलेले बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर पुढे मिरजेत शिकवू लागले. विष्णु दिगंबर पलुसकर तेथेच घडले. तेव्हा जवारी लावणाऱ्याचा कान तपासायला गवई जवळच होता! नवा तंबोरा जुन्याच्या शेजारी धरून पारखला जाई. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा हा सहवास आहे.

आपल्या जिवाजीगंजात उस्ताद हाफिज अली खाँ यांचे घर ‘सरोदघर’ म्हणून जपले आहे. तेथे जुनी वाद्ये पाहावयास मिळतात. मुलांना तेथे नेणाऱ्या शिक्षकांनी वाद्यांची नावे पाठ करवून घेऊ नयेत. पट्टी कोठे संपते, कातडे कोठे सुरू होते आणि घोडी कातड्यावर कशी उभी आहे, एवढेच त्यांना जवळून पाहू द्यावे.