शार्कच्या पोटात काय सापडते?

किनाऱ्यावरचे मोठे शार्क कमी झाले, तर शिंपल्यांचा धंदा बुडेल का? २००७ साली 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या एका लेखाने याचे उत्तर 'हो' असे दिले. त्या उत्तराचे पुढे काय झाले ते पाहू.

लेख कॅनडातील डलहौसी विद्यापीठाचे रॅन्सम मायर्स व सहकाऱ्यांचा होता. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील १९७० नंतरच्या नोंदींवरून त्यांनी असे मांडले: मासेमारीमुळे मोठे शार्क घटले, त्यामुळे काउनोज जातीचे पाकट (चपट्या अंगाचा, चाबकासारख्या शेपटीचा मासा) वाढले, पाकटांनी स्कॅलप नावाच्या शिंपल्या फस्त केल्या आणि नॉर्थ कॅरोलिनातील शतकभराची स्कॅलप मासेमारी २००४ पर्यंत बंद पडली. साखळी सुबक होती, सांगायला सोपी होती. चेसापीक उपसागरावर लोकांनी तिचा आपल्या सोयीचा अर्थ काढला. 'पाकट खा, उपसागर वाचवा' अशी मोहीम निघाली. धनुष्यबाणाने पाकट मारण्याच्या स्पर्धाही भरू लागल्या.

२०१६ साली डीन ग्रब्ज व सहकाऱ्यांनी या साखळीची एकेक कडी तपासली. तुम्हीही तपासून पाहा. काउनोजची मादी सात-आठ वर्षांनी वयात येते आणि वर्षाला एकच पिल्लू देते. मग सांगितली गेली तेवढी वाढ तेवढ्या काळात शक्य आहे का? (अभियांत्रिकीत आम्ही कोणत्याही आकड्याला आधी हाच प्रश्न विचारतो.) बहुतेक मोठ्या शार्कांच्या पोटात हे पाकट मुख्य भक्ष्य म्हणून दिसत नाहीत. पाकटांच्या पोटातही धंद्याच्या कालवांचे प्रमाण थोडेच. चेसापीकची कालवे तर अतिउपसा आणि रोगांमुळे त्याआधीच ओसरली होती. नॉर्थ कॅरोलिनातील स्कॅलपना १९८७-८८ मध्ये विषारी शैवालाच्या बहराचा, म्हणजे रेड टाइडचा, मोठा फटका बसला होता.

शार्क घटले, हे मात्र खोटे नव्हते. वाद घट किती झाली आणि तिचे परिणाम कुठवर पोचले, याचा आहे.

मेरीलँड राज्याने २०१७ मध्ये कायद्याने या स्पर्धा काही काळापुरत्या थांबवल्या. तोवर मारल्या गेलेल्या पाकटांत गाभण माद्याही होत्या, कारण उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्या या उपसागरात विण्यासाठीच येतात.