आतड्यांचा क्षोभ आणि चिनी वैद्यक
पोटात कळ येते, शौचानंतर बहुधा शमते आणि तपासणीत आतड्यांत दोष सापडत नाही. अशा विकारास आधुनिक वैद्यक ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’ म्हणते. पारंपरिक चिनी वैद्य नाडी व जीभ पाहून त्याचे प्रकार पाडतो. संताप वा चिंतेने यकृतातील ‘ची’ ही प्राणशक्ती कोंडते आणि पचन सांभाळणाऱ्या प्लीहेला पीडते, हे त्यातील नेहमीचे निदान. (येथील यकृत-प्लीहा शरीरशास्त्रातील नव्हेत.) त्यावर ‘थोंग श्ये याओ फांग’ हा चार द्रव्यांचा काढा देतात; संत्रावर्गीय फळाची वाळलेली साल त्यांपैकी एक.

ऑस्ट्रेलियात ११६ रुग्णांवर झालेली चाचणी १९९८ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ठरावीक मिश्रण आणि रुग्णागणिक बदललेले मिश्रण, दोन्ही १६ आठवड्यांत निष्क्रिय कॅप्सूलपेक्षा सरस ठरली. मात्र औषध थांबल्यावर १४ आठवड्यांनी आराम टिकला तो दुसऱ्याच गटात. तरीही एका चाचणीवर भिस्त ठेवणे धाडसाचेच. ॲक्युपंक्चर तर २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात लटक्या सुयांहून सरस ठरले नाही.

शौचावाटे रक्त जात असल्यास किंवा वजन अकारण घटत असल्यास काढा बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.